लुगड्याचा काठ

आईच्या पश्चात तिचा पितळी सोऱ्या माझ्याकडे आला. मधमाश्यांचे मेण आणि राळ वितळवून, त्यात रंग मिसळून चित्रे करण्याचा, म्हणजे एन्कॉस्टिकचा, नाद तेव्हा नुकताच लागला होता. सोऱ्याच्या शेवेच्या चकतीला तेलाचे बोट फिरवून ती कोमट मेणावर दाबली, अलगद सुटली. भोकांच्या जागी दाण्यांसारखे उंचवटे उमटले. वस्तू परत हाती, खूण मेणात. हा व्यवहार सोपा.

तिच्या इरकली लुगड्याच्या काठाचे तसे नव्हते. कापड दाबून उचलले, तर विणीचा जेमतेम भास उरतो. जास्पर जॉन्सने 'फ्लॅग'मध्ये (१९५४-५५) वर्तमानपत्राचे कपटे मेणातच राहू दिले; ते अर्धवट वाचता येतात, सोडवून घेता येत नाहीत. काठही तसा ठेवायचा, तर तो गेलाच. (मेणात तो अधिक टिकेल, अशी स्वतःची समजूत मी बरेच दिवस घालत होतो.)

अखेर चार बोटे तुकडा कापला. त्यावर मेण चढवले आणि थर एकजीव व्हावेत म्हणून गरम हवा दिली. काठाचा लाल रंग एकदम गडद झाला. धुऊन पिळलेल्या लुगड्याचा असायचा, तसा.

उरलेला काठ अजून ट्रंकेत आहे.