दुसरं पत्र

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री, कोथरूडच्या माझ्या घरी, मी चार जवळच्या माणसांना फसवलं. पैशात नाही, खेळात. पण त्यातल्या एकीने पुढे तीन आठवडे माझा फोन उचलला नाही, तेव्हा प्रकरण वाटलं तेवढं साधं नाही हे कळलं.

खेळ कोणता ते आधी सांगतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. त्यातूनच या जातीचे सगळे खेळ निघाले. टेबल, कागद, पेन्सिल, फासे आणि बोलायला माणसं, एवढं भांडवल पुरतं. एक जण जग रंगवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. "समोर बंद दार आहे. काय करता?" असं तो विचारतो. ते सांगतात. जिथे जमेल की नाही याची खात्री नसते, तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. जग रंगवणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. हा शब्द मीच सुचवला होता आणि मला तो फार आवडला होता. का आवडला असावा, ते नंतर लक्षात आलं.

ड्रॅगनचा कंटाळा आला म्हणून मी आमचंच पुणं घेतलं. ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव, वाड्यातच कैदेत ठेवलेले त्यांचे काका राघोबादादा आणि पगार थकलेले गारदी. ३० ऑगस्टला काय झालं ते पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. म्हणून मी कुणालाच मोठं पात्र दिलं नाही. एक मैत्रीण दफ्तरातला कारकून झाली, बाकीचे आचारी, गारदी आणि गंगाबाईंच्या दिमतीची दासी. माझा बेत असा, की खून यांच्या डोळ्यांसमोर होईल आणि मग रामशास्त्र्यांच्या चौकशीत खरं सांगायचं की जीव वाचवायचा, हा पेच पडेल. चाळीस पानं लिहून काढली होती. रामशास्त्र्यांचं भाषण तर आंघोळ करताना मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

तिसऱ्या शनिवारी कारकुनाच्या कानावर आलं, की दादासाहेबांचं एक पत्र गारद्यांकडे निघालं आहे. आता 'ध'चा 'मा' कुणाला माहीत नाही? मैत्रीण म्हणाली, "पत्र मधेच गाठायचं." वाड्याला पाच दरवाजे. कुठल्या दरवाजाने जावं यावर चौघांनी वीस मिनिटं खल केला आणि खिडकी दरवाजा ठरवला. मी पहारेकरी तिथे उभा केला. त्यांनी दिल्ली दरवाजा ठरवला असता, तर तोच पहारेकरी तिथे उभा राहिला असता. तरी ते निसटले. मैत्रिणीने फासा टाकला. एकोणीस! पत्र हातात आलं. सगळे ओरडले.

माझ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा होता. त्यामागे कागद चाळल्यासारखं करून मी म्हणालो, "पत्र फाडलंत. पण सुमेरसिंगाकडे दुसरं पत्र आधीच पोचलंय."

चाळीस पानांत दुसरं पत्र कुठेच नव्हतं.

मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "हे कधी लिहिलंस?" मी हसलो. तिने पिशवी उचलली. "गोष्टच सांगायची होती तर तसं म्हणायचंस. भडंग खात निवांत ऐकली असती. फासा कशाला टाकायला लावलास?"

नंतरचे तीन आठवडे मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. कुणीतरी गोष्ट धरून ठेवायला नको का? मी असेही खेळ पाहिलेत, जिथे सूत्रधार सगळ्यालाच होकार देतो आणि तीन तास घोड्याच्या किमतीवरून घासाघीस चालते. शिवाय इतिहास कसा बदलणार? मुद्दे चुकीचे नव्हते. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं.

उत्तराची दिशा दोन ठिकाणी सापडली. एक आपल्याकडेच होती, तमाशाच्या वगात. वगाची कथा ठरलेली असे, संवाद मात्र बरेचदा उभ्या-उभ्याच जुळत. 'विच्छा माझी पुरी करा' तर वसंत सबनिसांनी लिहिलेलं, तरी दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडी घुसवायचे. सोंगाड्या भलतंच काही बोलला, तरी समोरच्याला ते ऐकलंच नाही असं करता येत नाही. त्याला त्यावर काहीतरी बोलावंच लागतं. दुसरी गोष्ट या खेळाच्या जन्माच्या आधीची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन हे काल्पनिक गाव मांडलं आणि प्रत्येकाला एकेक भूमिका दिली. खेळाडू ठरवलेलं सोडून भलतीकडेच गेले. डाव फसला म्हणून वेस्ली खट्टू झाला. खेळाडू मात्र पुन्हा खेळूया म्हणून मागे लागले. त्यांच्यात आर्नेसनही होता.

मग मी १७७३ पुन्हा वाचलं. 'ध'चा 'मा' ही बहुधा दंतकथाच. गारदी वाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराची ओरड करत. म्हणजे पत्र फाडलं तरी संकट जागच्या जागी होतंच! मी नको त्या गोष्टीची राखण करत बसलो होतो. घटना घट्ट धरण्याऐवजी कुणाला काय हवंय, एवढंच धरायला हवं होतं. चाळीस पानं बाजूला ठेवली आणि एका पानावर लिहिलं: कोण काय मिळवायला निघालंय, आणि कुणी आडवं आलं नाही तर केव्हा काय होईल.

मैत्रिणीच्या घरी जाऊन दुसरं पत्र खोटं होतं हे कबूल केलं. तिने चहा दिला. "पहारेकरी पण?" "पहारेकरी पण."

पुढच्या शनिवारी आडोसा काढून टाकला आणि डाव त्या रात्रीपर्यंत मागे नेला. पत्र फाटलं, दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गारदी आलेच. आचाऱ्याने मुदपाकखाना उघडून त्यांना पंगतीला बसवायचा घाट घातला. आमचा गारदी आपल्याच माणसांशी हुज्जत घालत राहिला. आणि कारकुनाने लेखणी उचलली. खजिन्यातून पगार देण्याचा खोटा हुकूम लिहिला, वर पेशव्यांचा खोटा शिक्का. चौदा किंवा वर पडायला हवे होते. मैत्रिणीने सगळ्यांदेखत फासा टाकला. पंधरा.

आमच्या पुण्यात नारायणराव वाचले. क्षणभर कुणी काहीच बोललं नाही. मग आचारी म्हणाला, "म्हणजे रामशास्त्र्यांचं काम संपलं?"

मला माझं आंघोळीतलं भाषण आठवलं. वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात दासी म्हणाली, "संपलं कसं? हुकूम खोटा आहे. शिक्का खोटा आहे. शास्त्रीबुवा सोडतील होय?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. "काय शिक्षा देतील रे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.