जावयाची बर्फगाडी

सासऱ्याने जावयाला हवे ते द्यावे; यंत्राबद्दलचा सल्ला मात्र देऊ नये. ही अक्कल मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कॅनडातल्या शेरब्रुक गावी, पारा उणे २८ वर असताना आली.

आमची सुमा आणि जावईबापू तेथे राहतात. हिवाळाभर भोवतालची शेते आणि तळी बर्फाखाली गडप झालेली असतात आणि त्यांवरून लोक स्नोमोबाइली उडवीत असतात. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा पण रबरी पट्टा, आणि मध्ये स्कूटरसारखे हँडल व आसन, असे ते वाहन. आमच्या हिने पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'बर्फातली फटफटी' ठेवले. जावईबापूंना तसली एक जुनी गाडी घ्यायची होती. एका विक्रेत्याकडे दोन होत्या. एक १९९६ सालची, दुसरी २०११ सालची.

"बाबा, इंजिनांतलं तुम्हांला कळतं. तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

झाले! १९७८ साली नोंदवलेली चेतक मला १९८६ मध्ये मिळाली आणि पुढची वीस वर्षे तिचा कार्बोरेटर मी स्वतःच्या हाताने साफ केला. ती तिरकी करून, लाडीगोडी लावून चालू करण्यात आमच्या आळीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. अशा माणसाला कोणी इंजिनाबद्दल विचारले की त्याला जिलेबी वाढल्यासारखे होते. मी कागद घेऊन तक्ताच मांडला. दोन्ही इंजिने टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांची. १९९६ चे सुमारे ५०० सीसीचे, पंख्याच्या वाऱ्याने थंड होणारे, पन्नासेक अश्वशक्तीचे. २०११ चे ६०० सीसीचे, पाण्याने थंड होणारे, जवळजवळ १२० अश्वशक्तीचे. धूर कमी, पेट्रोलही बरेच कमी. कारण त्यात कार्बोरेटरच नाही. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, आणि किती फवारायचे ते बाहेरची हवा मोजून एक छोटा संगणक ठरवतो.

तक्ता सरळ सांगत होता की नवी घ्या. मी म्हणालो, "जुनी घ्या."

कारण असे दिले की नवी वाटेत बंद पडली तर तिच्यापुढे हात जोडून उभे राहण्यापलीकडे काही करता येत नाही. जुनी पान्याने उघडता येते. कारण खोटे नव्हते. पण नव्या यंत्रात माझ्या हाताला काही कामच उरले नव्हते, हे खरे कारण मी कोणालाच, मला स्वतःलादेखील, सांगितले नाही.

गाडी आली. डिसेंबरात पारा शून्याच्या आसपास होता. इंजिन धूर ओकत होते, प्लग काजळीने काळे होत होते. अशी काजळी माझ्या ओळखीची. पुण्याहून महाबळेश्वरला निघालो की पसरणीच्या घाटात चेतकचा प्लग असाच काळा व्हायचा. वर हवा विरळ, पण जेटच्या भोकातून पेट्रोल मात्र खालच्या हिशेबानेच येणार. मी दोन्ही कार्बोरेटरांत लहान भोकाचे जेट बसवले. इंजिन सतारीसारखे गाऊ लागले. जावईबापूंनी पाठ थोपटली. झाकणाच्या आत एक तक्ता चिकटवलेला होता. तो फ्रेंचमध्ये होता म्हणून मी सोडून दिला.

जानेवारीत एका शनिवारी आम्ही जवळच्या वाल्कूर गावी जाऊन आलो. ज्यांनी १९५९ साली स्की-डू नावाची बर्फगाडी बाजारात आणली, त्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिये यांचे ते गाव. तिथे त्यांचे जुने गॅरेज जपले आहे. त्या पहिल्या गाडीचे इंजिन सात अश्वशक्तीचे, म्हणजे जवळजवळ माझ्या चेतकएवढेच! हे ऐकून मी खूष होतो, तोवर सुमाने पुढची हकीकत सांगितली. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने दगावला. बर्फाने रस्ते बंद होते आणि इस्पितळ गाठता आले नाही. पुढे १९३७ मध्ये त्यांनी बर्फावरून सातजणांना नेणारी गाडी काढली.

त्यानंतरच्या आठवड्यात पारा उणे २८ वर उतरला. जावईबापू दुपारी एकटेच तळ्यापलीकडे गेले. चार वाजता परत यायचे होते. साडेचारला अंधार झाला, सहा वाजले. फोन लागेना, थंडीने त्याची बॅटरी मेली असावी. सुमा खिडकीपाशी उभी होती. ती काही बोलत नव्हती, आणि मला त्या गॅरेजमधली हकीकत आठवत होती.

शेजारचे गृहस्थ आपली नवी गाडी घेऊन निघाले. पाऊण तासाने ते आले, मागे जावईबापू. बंद गाडी टाकून ते बर्फातून चालत निघाले होते. डाव्या हाताची तीन बोटे मेणासारखी पांढरी पडली होती. कोमट पाण्यात धरल्यावर हळूहळू त्यांत रंग आला, तेव्हा कळा सोसताना त्यांनी ओठ चावला. सुमा हुंदके देऊन रडली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. मी प्लग काढला. खडूसारखा पांढराफटक! हेड उघडले, तर पिस्टनच्या माथ्याला शेंगदाण्याएवढे भोक. शून्यावरून उणे २८ पर्यंत उतरता उतरता हवा सुमारे ११ टक्के दाट होते. तेवढे पेट्रोलही जास्त लागते, आणि माझे लहान जेट ते देईनात. पेट्रोल कमी पडले की आतली आग भडकते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळतो. महाबळेश्वरच्या घाटाचेच गणित, फक्त उलटे. नव्या गाडीतल्या संगणकाने ते मुकाट्याने सोडवले असते.

"जुनं यंत्र, बाबा. कधीतरी जायचंच," जावईबापू रात्री जेवताना म्हणाले.

गप्प बसलो असतो तर खपून गेले असते. हिने माझ्याकडे पाहिले. हिला माझा चेहरा चाळीस वर्षे वाचता येतो. मी घास खाली ठेवला आणि जेटची सगळी कथा सांगितली. घाटाची सांगितली, पहिल्या तक्त्याचीही सांगितली. झाकणातला तक्ता फ्रेंचमध्ये होता, हेही वर जोडले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सुमा उठली आणि माझ्या भातावर आमटी वाढत म्हणाली, "पण बाबा, त्या तक्त्यात तर नुसते आकडेच होते ना?"

जावईबापू बँडेज बांधलेला हात तोंडापुढे धरून हसू लागले. मला मात्र तो भात संपवायला बराच वेळ लागला.