सहावा प्रश्न

आरोग्यावर होणाऱ्या खर्चाचा हिशोब मांडणाऱ्या तज्ज्ञांपाशी एक छोटी प्रश्नावली असते. तिला ईक्यू-फाइव्ह-डी म्हणतात. १९८७ साली एकत्र आलेल्या युरोपातील संशोधकांच्या एका गटाने ती घडविली. तिच्यात रुग्णाला पाचच गोष्टी विचारतात: आज तुम्हांला चालता-फिरता येते का, अंघोळ-कपडे आपले आपण करता का, नेहमीची कामे होतात का, दुखणेखुपणे आहे का, चिंता वा उदासी आहे का. उत्तरांवरून एक गुणांक काढतात. पूर्ण आरोग्याला एक, मृत्यूला शून्य. या गुणांकाने आयुष्याची वर्षे गुणली की एखाद्या औषधाने अथवा यंत्राने माणसाला किती ‘चांगली वर्षे’ दिली ते कळते, आणि मग त्यावर सार्वजनिक पैसा खर्चावा की नाही हे ठरविता येते. ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेली नाइस ही संस्था असा विचार करते. आपल्याकडे २०१७ साली केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने त्यासाठी एचटीए-इन ही यंत्रणा उभी केली.

वाचकहो, ते पाच प्रश्न पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यांत कान कोठे आहेत?

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांमुळे आम्ही या विषयाकडे वळलो. फुलांचा व्यवसाय, पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरला न्यायच्या, हा वर्षानुवर्षांचा क्रम. काही वर्षांपूर्वी त्यांना साध्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागली. क्षय गेला, आणि ऐकूही येईनासे झाले. या जातीची औषधे कानाच्या आतील ज्या सूक्ष्म केशपेशी नष्ट करतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘बरा’ असा शेरा पडला, आणि तो खोटा नव्हता. क्षयाच्या नोंदीत बरा झाला, उपचार पूर्ण केले, उपचार निष्फळ ठरले, मृत्यू, उपचार सोडले असे रकाने असतात. बहिरा झाला असा रकाना नसतो.

ते चालत होते, अंघोळ करीत होते, कोठे दुखत नव्हते. नेहमीच्या कामाच्या प्रश्नात त्यांची अडचण थोडीफार उतरली असती; परंतु फूलबाजारात भाव कानांनी ठरतो, हे त्या प्रश्नाला कसे कळावे? पापनिवेदनाला ते आले की आणखी एक गोष्ट ध्यानात येई. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो किती चढला आहे याचा त्यांना अंदाज नसे. बाहेर रांगेत माणसे उभी. शेवटी चर्च रिकामे झाल्यावर, दार लोटून घेऊन त्यांचे पापनिवेदन ऐकायचे असे ठरले. आमचा उपदेश चिठ्ठीवर लिहिलेला असे. वाचून झाल्यावर ते ती फाडून खिशात घालीत.

त्यांना आम्ही एकदा लिहून विचारले, तुमची विचारपूस करायची तर कोणता प्रश्न विचारावा? ते म्हणाले, “फादर, रात्री घरात कोणी हाक मारली तर कळेल का, हे विचारा.”

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकविले होते. एकाच कृत्यातून इष्ट आणि अनिष्ट असे दोन्ही परिणाम निघत असतील, तर अनिष्ट हा हेतू नसावा, इष्टासाठी वापरलेले साधनही नसावा, आणि इष्ट परिणाम त्याच्या तोलाचा असावा. पहिल्या दोन अटींविषयी आम्ही वर्गात पुष्कळ वाद घातले. तोल कोणाच्या तराजूत पाहायचा, यावर मात्र फारसे बोलणे झाल्याचे आठवत नाही.

हा तराजू रुग्णाच्या हाती देण्याचे काम पुढे रुग्णांनीच केले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी २०१३ साली क्षयाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचेही तसेच झाले. दोघींनी जगभर एकच गोष्ट सांगितली: जीव वाचविण्याची किंमत बहिरेपण असू नये. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे जाहीर केले आणि बेडाक्विलीन या गोळीला अग्रक्रम दिला. त्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून दोघींनी २०१९ साली भारतात हरकत नोंदविली, आणि २०२३ साली पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

गुणांक ठरविताना बहुधा रुग्णांना विचारीत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर्वसामान्य लोकांना विचारतात: अशा अवस्थेत दहा वर्षे जगण्याऐवजी ठणठणीत अवस्थेत किती वर्षे पत्कराल? करदात्यांचा पैसा, म्हणून करदात्यांचे मत, असे त्याचे समर्थन आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. रुग्णाला आपलेच औषध मोलाचे वाटणार. शिवाय काही रुग्णसंघटनांना औषधकंपन्या पैसे पुरवितात, तेव्हा त्यांचे हितसंबंध उघड असलेच पाहिजेत. परंतु प्रश्न कोणते असावेत, हे तरी ज्याने भोगले त्याच्याकडूनच कळणार. कॅनडात घडविलेल्या एचयूआय-थ्री या दुसऱ्या मापनात आठ गोष्टी विचारतात आणि त्यांत ऐकणे आहे. म्हणजे विचारता येत नाही असे नाही.

आता इंजेक्शने गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. त्यांतील लिनेझोलिडने काहींच्या पायांना मुंग्या येतात, पाय बधिर होतात, क्वचित दृष्टी मंदावते. घरभेटीला जाताना आम्ही आता, चप्पल पायातून निसटलेली कळते का, एवढे विचारतो. होय म्हटले तर पुढच्या घरी. नाही म्हटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला सांगतो.