वढवाण्याची पाखरे
नाताळानंतर वढवाणा तलावावरील पाखरांची छायाचित्रे घ्यावयाची, म्हणून आम्ही बडोद्याच्या खंडेराव मार्केटात शिदोरीची फळे घेत होतो. सयाजीराव महाराजांच्या कारभारास 25 वर्षे झाल्याप्रीत्यर्थ ही इमारत 1906 साली उभी राहिली. डभोईजवळील तो तलावही बडोदे संस्थानानेच 1910 साली शेतीसाठी बांधला. 2021 साली त्यास रामसर पाणथळाचा जागतिक मान मिळाला. मध्य आशियाच्या वाटेने लालसरीसारखी बदके तेथे हिवाळा काढावयास येतात.

बरोबरचा मुलगा म्हणाला, "फादर, खडा मारला की थवा उडेल, फोटो झकास येईल!" क्षणभर आम्हांसही मोह पडला. पण दमूनभागून आलेल्या पाहुण्यास हाकलून त्याची तसबीर काढावयाची काय? प्रभूने पाखरांकडे पाहावयास सांगितले, उडवावयास नव्हे. दुरून टिपणारे भिंग, मातकट कपडे आणि मौन, एवढेच न्यावयाचे ठरले.