मूठ

रायपूरला आमच्या घरी महिनाभर कानशीचा आवाज घुमत होता. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून नातीला नेमबाजीचा ध्यास लागला. आता ती आपल्या एअर पिस्तुलाची अक्रोडाची मूठ घासून हाताजोगी करीत होती. स्पर्धेच्या नियमानुसार मुठीने मनगटाला आधार देता येत नाही. साधायचे ते सारे तळव्यातच.

एकदा तिने पिस्तूल माझ्या हाती दिले. "छान बसते," मी म्हणालो.

"आजोबा, डोळे मिटून हात उचला, मग उघडा."

उघडले, तर पुढची खूण मागच्या खाचेच्या पार डावीकडे!

"हाताला सुखाची वाटली, तरी नेम लागेलच असे नाही," म्हणत तिने पुन्हा कानस उचलली.

चाळीस वर्षे मी समीक्षा लिहिली. माझ्या भूमिकेत सहज बसली, त्या पुस्तकांचा गौरव केला. एका कवीचा पहिला संग्रह तीत बसेना, तो तीन परिच्छेदांत निकालात काढला. त्या कवीचा दुसरा संग्रह आलाच नाही. भूमिका घासून पाहावी, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

त्या रात्री तो संग्रह कपाटातून काढून मी पुन्हा वाचावयास घेतला.