पत्रकावरची ओळ

माझ्या बुद्धिबळ वर्गाच्या पत्रकावर सोळा वर्षं एक ओळ छापून येत होती : ‘एकाग्रता, स्मरणशक्ती आणि तर्कशक्ती वाढवा.’ ती मी लिहिलेली नव्हती. पहिल्या वर्षी छापखान्यातल्या माणसाने माझा कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “मास्तर, नुसतं ‘बुद्धिबळ शिकवले जाईल’ वाचून कोण येणार?” ओळ त्यानेच घातली. मी नको म्हटलं नाही. निम्मी पोरं त्या ओळीच्या जिवावर येतात, हे दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

तसं आपल्या भाषेनेच ही जाहिरात आधी करून ठेवलीय. हिंदीत शतरंज, संस्कृतात चतुरंग, इंग्रजी ‘चेस’च्या मुळाशी फारसी ‘शाह’. कुणी सैन्यावरून नाव ठेवलं, कुणी राजावरून. मराठीने सरळ बुद्धीलाच हात घातला. त्यामुळे पालक दारात आले की प्रश्न ठरलेला : “सर, याने बुद्धी वाढते ना?” 2025च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, त्या आठवड्यात हा प्रश्न मला फोनवर इतक्यांदा आला की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिला.

उत्तर मला एका पावसाळी संध्याकाळी मिळालं होतं, तेही माझ्याच वर्गात. अॅड्रियान द ग्रूट नावाचे एक डच मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः तगडे खेळाडू. जगातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूंसमोर पट मांडून ‘विचार करताना मोठ्याने बोला’ असं त्यांनी सांगितलं आणि ते काय बोलतात ते टिपून घेतलं. 1946 साली त्याचा ग्रंथ निघाला. ग्रँडमास्टर इतरांपेक्षा दहा-वीस चाली पुढचं बघत असतील, असा सगळ्यांचा समज. निघालं भलतंच. ते फारसं जास्त खोल बघत नव्हते, पण योग्य चालीवर त्यांची नजर आधीच गेलेली असायची. पुढे 1973 मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, झाकायची आणि आठवून मांडायला सांगायचं. मास्टर भराभर मांडतो, नवशिक्याला चार-पाच मोहऱ्यांपलीकडे काही आठवत नाही. मग तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवायची. आता मास्टर आणि नवशिक्या जवळपास सारखेच.

हे वाचून मला राहवेना. त्या दिवशी पावसामुळे चारच मुलं आली होती. माझ्याकडची सातवीतली एक मुलगी, जिल्हा स्पर्धेत खेळलेली, आणि तिला न्यायला आलेली तिची आजी, असे दोन गडी धरले. आजींना घोडा अडीच घरं जातो एवढंच ठाऊक. एका जुन्या डावातली स्थिती मांडली, पाच सेकंदांनी वर वर्तमानपत्र टाकलं. मुलीने दुसऱ्या पटावर वीसेक मोहरी धडाधड लावली, एकच प्यादं चुकलं. आजींनी राजा, वजीर आणि एक हत्ती ठेवला आणि हसून हात झटकले. मग मी डबा पटावर उपडा केला आणि जे मोहरं जिथे पडलं तिथे उभं केलं. पांढरा उंट कोपऱ्यात, राजे शेजारी शेजारी. या वेळी मुलीची पाच बरोबर आली, आजींची चार. मुलगी चिडली. “सर, असा डाव असतोच कुठे? हे मला कसं आठवणार?”

तिच्या त्या चिडण्यातच सगळं आलं. तिला सुटी मोहरी दिसत नव्हती. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि बाजूचा घोडा हे तिच्या डोळ्याला एकच चित्र होतं, आपल्याला ‘कोल्हापूर’ हा शब्द अक्षरं न जुळवता दिसतो तसं. अशी हजारो चित्रं तिने डावामागून डाव खेळून साठवली होती. स्मरणशक्ती वाढली म्हणावी तर फक्त त्या चित्रांपुरती. पटाबाहेरची कथा तिच्या आईने मला नंतर सांगितलीच : वर्गात चप्पल कुठल्या कोपऱ्यात काढली, हे त्या मुलीला रोज विचारावं लागतं.

माझी स्वतःची गत वेगळी नाही. पटावर जोर मोजल्याशिवाय मी प्यादंही पुढे ढकलत नाही. पण एका पतसंस्थेने चढं व्याज कबूल केलं तेव्हा ‘हे एवढं का देतायत’ हा पहिल्याच चालीचा प्रश्न मला सुचला नाही. पैसे बुडाले. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी तो प्रश्न विचारला होता आणि पैसे घरीच ठेवले होते. मावशी बुद्धिबळ खेळत नाहीत.

त्या मुलीच्या चपलेवर आणि माझ्या पतसंस्थेवर कुणी विश्वास ठेवू नये. पण इंग्लंडात हा प्रश्न रीतसर तपासला गेला. शंभर शाळा निवडल्या. काहींमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्गाच्या वेळातच सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकवलं, बाकीच्या नेहमीसारख्या चालल्या. वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली. 2016 मध्ये निकाल आला : फरक काही नाही. वाचन आणि विज्ञानातही नाही. त्याआधीच्या काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला होता, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तुलनेच्या मुलांना दुसरं काहीच नवं दिलेलं नव्हतं. नवा मास्तर आणि नवा खेळ आला की पोरं चार दिवस हुशारीने वागतातच. मी सर्कस शिकवली असती तरी वागली असती.

आणि हुशार मूल बुद्धिबळात पुढे जातं, हे तरी खरं का? सुरुवातीला जातं. नियम झटकन उचलतं, महिन्याभरात मोठ्यांना हरवतं. पुढे मात्र गंमत होते. माझ्याकडे दोन मुलगे एकाच आठवड्यात आले होते. एक स्कॉलरशिपवाला. दुसऱ्याला उंट तिरका जातो हे तीनदा सांगावं लागलं. पहिल्याला जिंकणं सोपं जात होतं, म्हणून हरलेला डाव तो पुन्हा बघायचाच नाही. दुसरा एंडगेमचं एकच कोडं घेऊन घरी जायचा आणि चार दिवसांनी, मी विसरलेलो असताना, उत्तर घेऊन यायचा. आज कुणाचं रेटिंग जास्त आहे ते सांगायला नको. यात माझं निरीक्षण एकटं नाही : 2007 मध्ये मेरीम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या 57 मुलांचा अभ्यास केला, तेव्हा खेळातली ताकद सर्वांत जास्त सरावाशी जुळलेली निघाली. त्यातल्या वरच्या 23 मुलांत तर जास्त बुद्ध्यंकवाले मागे होते, कारण ते सराव कमी करत होते.

मग मी शिकवतो ते काय? मी चाली लिहायला शिकवतो. पहिल्या दिवसापासून, मुलगा सहा वर्षांचा असला तरी. डाव हरल्यावर पोरं काहीही सांगतात : उजेड नव्हता, समोरचा पाय हलवत होता, पंच ओरडला. मी फक्त कागद मागतो. तेविसाव्या चालीला वजीर फुकट गेला, ते त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवायचं आणि गप्प बसायचं. काही जण रडतात. काही कागद फाडतात, त्यांना दुसरा देतो आणि डाव आठवून पुन्हा लिहायला लावतो. ही सवय शाळेच्या पेपरात उतरते का, मोठेपणी पतसंस्थेपुढे उतरते का, याची हमी मी देत नाही. माझी उतरली नव्हती.

सतराव्या वर्षी ती ओळ मी काढायला लावली. छापखानेवाला म्हणाला, “मग रिकाम्या जागेत काय घालू?” त्या वर्षी अकरा मुलं कमी आली. पत्रकावर आता माझं नाव आहे, पत्ता आहे, वेळ सायंकाळी पाच ते सात, आणि खाली एक सूचना : ‘येताना पेन आणावे. पेन्सिल नको.’