नाही ना?

आजींच्या सुनेनं पिशवीतून हॉर्लिक्सची जुनी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटलं, लोणचं आणलंय. दसऱ्या-दिवाळीच्या आसपास पेशंट असं काहीबाही आणायचे, आणि घ्यायचं नाही असा नियम असल्यामुळे मी नकाराची तयारीही केली होती. झाकण उघडलं तर आत गोळ्या. आमच्याच, चाचणीच्या. ट्रेवर ओतून मोजल्या: 53.

हे 2014 सालचं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर होते. पदाचं नाव भारदस्त. काम म्हणजे पेशंटना फोन करणं, संमतिपत्र समजावणं, रक्त वेळेत सेंट्रिफ्यूजला लावणं, उरलेल्या गोळ्या मोजणं आणि मॉनिटर, म्हणजे चाचणीची कागदपत्रं तपासणारा माणूस, यायच्या आत फायली चकाचक करणं. हे शेवटचं मला फार छान जमायचं. व्हाइटनर नाही, एकच आडवी रेघ, शेजारी सही-तारीख. माझ्या फायली नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवायचे.

चाचणी रक्तदाबाच्या गोळीची होती. चालू औषधं तशीच ठेवून वर एक नवी गोळी. निम्म्यांना खरी, निम्म्यांना प्लासिबो. कुणाला काय मिळतंय ते आजींना ठाऊक नाही, मला नाही, चाचणीचे प्रमुख डॉक्टर असलेल्या सरांनाही नाही. आजी वेल्ह्याकडच्या. एसटीनं स्वारगेटला उतरून तिथून चालत यायच्या, रिक्षाचे पैसे आम्ही देत असूनही. संमती कॅमेऱ्यावर घ्यायचा नियम नुकताच, 2013च्या अखेरीस आला होता. आजी पदर सावरून ताठ बसल्या आणि प्रत्येक परिच्छेदानंतर कॅमेऱ्याकडे बघून "व्हय, समजलं" म्हणाल्या. कॅमेरा बंद झाल्यावर मला विचारलं, "बरूबर बोलले न्हवं?" तिथेच मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "एकदम छान!"

दर बारा आठवड्यांना आम्ही 98 गोळ्या द्यायचो. रोज एक, म्हणजे 84 संपायच्या. उरलेल्या 14 उशीर झालाच तर असाव्यात म्हणून. पहिल्या खेपेला आजींनी 31 परत आणल्या. 67 भागिले 84, म्हणजे 79.8 टक्के. मर्यादा ऐंशीची. शून्य पूर्णांक दोनासाठी मला डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, लिहावं लागणार म्हणून मी वैतागले. "आजी, चौदाच उरायला पाहिजेत. असं केलंत तर तुम्हाला चाचणीतून काढावं लागेल." हे खरंही नव्हतं. गोळ्या कमी घेतल्या म्हणून कुणाला काढायचं नव्हतं; का घेतल्या नाहीत ते लिहायचं होतं. ते मी विचारलंच नाही.

पुढच्या खेपेला बरोबर चौदा. त्याच्या पुढच्याही खेपेला चौदा. मॉनिटरला मी कौतुकानं सांगितलं, ही माझी सगळ्यात गुणी पेशंट.

आता हिशेब बघा. दुसऱ्या खेपेला पावसानं रस्ता बंद होता, म्हणून आजी तीन दिवस उशिरा आल्या. 84 नाही, 87 दिवस. रोज एक घेतली असती तर उरायला हव्या होत्या 11. आजींनी आणल्या 14, कारण मी चौदाचा आकडा दिला होता. मी कॅल्क्युलेटरवर 84 भागिले 87 केलं, 96.6 लिहिलं, सही केली. आकडा माझ्यासमोर ट्रेवर पसरला होता आणि मी त्याच्याकडे टक्केवारी म्हणून बघत होते.

बाटली आली त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, की आजी, का नाही घेतल्या? आजी सुनेकडे रागानं बघत होत्या. मग म्हणाल्या, "लावणीच्या टायमाला वाकून उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. एकदा चिखलातच बसले. मग लावणीभर न्हाई घेतली. पुढं बी मधी मधी सोडली. हितं यायच्या आधी चार दिस मातर नेमानं घेत हुते, तुमच्या मशिनीत दिसंल म्हणून."

वाकून उठल्यावर चक्कर. रक्तदाबाच्या औषधाच्या चाचणीत याहून नेमकी कुठली गोष्ट शोधायची असते? आणि माझ्या फाईलमध्ये त्या खेपेला त्रासाच्या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही.

खोटं मी लिहिलं नव्हतं. विचारलं होतं की. "आजी, काही त्रास नाही ना?" आणि आजी म्हणाल्या होत्या, "न्हाई." आपल्याकडे "नाही ना?" हा प्रश्नच नव्हे. जेवून निघालेल्या पाहुण्याला "अजून काही नको ना?" म्हणतात, त्यातलाच प्रकार. उत्तर मीच द्यायचे, पेशंट फक्त मान डोलवायचे. आमच्या साइटवर 22 पेशंट होते आणि चक्कर एकालाही नाही. मॉनिटर एकदा फोनवर हसत म्हणालाही होता, "बाकीच्या साइटवर लोकांना गरगरतंय, तुमच्याकडे हवा चांगली दिसते." मीही हसले होते.

ती बाटली शुक्रवारी आली. शनिवार-रविवार माझ्या ड्रॉवरमध्ये होती, कुलूप लावून. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केला ते लिहायला लाज वाटते. गोळ्या संडासात ओतण्याचाही केला. सोमवारी सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "शुक्रवारीच का नाही?" मग डेव्हिएशन, एथिक्स कमिटीला पत्र, चक्कर येण्याची उशिरा नोंद: सुरुवात जुलै 2014, तारीख अज्ञात.

पुढच्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'व्हॉइस' या चाचणीचा निबंध वाचला. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेमधल्या 5,029 स्त्रिया. एचआयव्ही टाळण्यासाठी रोज गोळी किंवा जेल. स्त्रियांच्या सांगण्यावरून 90 टक्के, परत आलेल्या मालाच्या मोजणीवरून 86 टक्के वापर. रक्त तपासलं तर औषध सापडलं पंचवीस ते तीस टक्के नमुन्यांत. एकाही औषधाचा उपयोग दिसला नाही, आणि दिसणार तरी कसा? वाचताना मला तिथली प्रत्येक कोऑर्डिनेटर ओळखीची वाटली. ट्रे, चमचा, कॅल्क्युलेटर.

मग न घेणाऱ्यांना हिशेबातून वगळावं, असं कुणालाही सुचेल. मलाही सुचलं होतं. तेही चालत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांवर क्लोफिब्रेटची एक जुनी चाचणी झाली, तिचे आकडे 1980 साली आले. औषध नेमानं घेणाऱ्यांत पाच वर्षांत 15 टक्के दगावले, चुकवणाऱ्यांत 24.6. औषध लागू पडलं म्हणावं, तर प्लासिबो नेमानं घेणाऱ्यांतही 15.1 आणि चुकवणाऱ्यांत 28.3! नेमानं घेणारी माणसंच वेगळी असतात. आजींसारख्यांना गाळलं की उरतात ती लावणीला न जाणारी.

बाटलीचं मी सांगितलं. "नाही ना"चं मात्र कुणालाच सांगितलं नाही. उरलेल्या एकवीस जणांना मी कसं विचारलं होतं, हे कुठल्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं, आणि मी बसवायचा प्रयत्नही केला नाही. चाचणी संपली, त्या फायली खोक्यांत गेल्या. माझ्याइतक्या स्वच्छ फायली त्या खोक्यांत दुसऱ्या कुणाच्या नसतील.

आजी शेवटच्या खेपेला आल्या तेव्हा मी विचारलं, "मागच्या वेळेपासून काय काय झालं?" आणि गप्प बसले. म्हैस व्यायली इथपासून सुरुवात झाली. पंचवीस मिनिटं लागली. त्यात गुडघा, सर्दी आणि रात्री दोनदा उठणं निघालं. बाहेर तीन पेशंट खोळंबले होते. जाताना दारातून परत फिरल्या.

"ती बाटली हाय का गं? रिकामी?"

गोळ्या हिशेबात जमा झाल्या होत्या. बाटलीसाठी रकाना नव्हता. ड्रॉवरमधून काढून दिली. त्यांनी आत बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाल्या, "धुतल्याबिगर न्हाई चालायची."